शेणाची भुई ते वाफेचा पोछा : सुप्याकडच्या एका घराच्या जमिनीची गोष्ट



आपल्या जोयडा तालुक्याबद्दल इथे पुष्कळ लिहून झालंय. काळी नदी झाली, धरण झालं, कॅसलरॉकची रेल्वे झाली, कणगा-कोनांचं जेवणही झालं. आज जरा खाली बघू या. म्हणजे अगदी पायाखाली. घराच्या जमिनीकडे.

निमित्त असं. पुण्याच्या धाकट्या भावानं फोन केला, "दादा, चवथीच्या आधी आईसाठी एक चांगला मॉप पाठवतो. वाफेचा पाठवू की स्प्रेवाला, ज्याला वापरून फेकायचे पॅड लागतात तो? तुम्हीच ठरवा." घरात यावर जवळजवळ दोन आठवडे चर्चा चालली. बोलता बोलता लक्षात आलं की आमच्या घरात जमीन कशी पुसायची हा प्रश्न नवा नाही. तीन पिढ्यांत तो तीनदा पडलाय आणि दर वेळी उत्तर वेगळं निघालंय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

शेणाची भुई

आमचं मूळ घर पांढरी नदीच्या बाजूचं, सुप्यापासून चालत जायच्या अंतरावर. नव्या मुलांसाठी सांगतो, आपल्या तालुक्याचं जुनं नाव सुपा. पांढरी आणि काळी या नद्यांच्या संगमावर सुपा गाव होतं. १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. मधली ९४ वर्षं आपण मुंबईकडचे. आजीच्या पेटीतल्या जुन्या कागदांवर मराठी का, याचं उत्तर थोडंफार इथेच आहे.

घर मातीचं, वर गवत, नंतर कौलं. जमीन अर्थातच मातीची. पण "मातीची जमीन" म्हणून मोकळं होता येत नाही, कारण ती आपोआप होत नसे. आधी मुरूम आणि माती पसरायची, पाणी शिंपडायचं, एक रात्र मुरू द्यायची. मग लाकडी चोपण्यानं चोपायची. चोपणं म्हणजे दांडा असलेली जाड फळी. घरातल्या, शेजारच्या बायका ओळीनं बसून चोपायच्या. भेगा पडल्या की परत पाणी, परत चोपणं. भुई टणक झाली की वर शेणकाल्याचा हात.

शेणच का? गाईगुरांच्या शेणात न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात. माती सुकताना आक्रसते आणि तडकते. हे धागे तिला धरून ठेवतात. वर एक पातळ साल तयार होते, तिच्यामुळे धूळ उडत नाही. चार-आठ दिवसांनी पायांनी ती झिजते, म्हणून परत सारवायचं. भुई काळीभोर हवी असली तर शेणात कोळशाची पूड मिसळायची. पुढे घरोघरी विजेरी आली तेव्हा संपलेले सेल फोडून त्यातली काळी भुकटी शेणात घालायची पद्धतही निघाली. दुकानातल्या मालाचा आपल्या भुईशी आलेला हा बहुतेक पहिला संबंध.

सारवताना आजी आतल्या भिंतीपासून सुरुवात करून उलटी मागे दाराकडे सरकत यायची. हाताच्या फेऱ्याएवढ्या अर्ध्या कमानी, एकीला एक लागून. कमानी बघून कोणी सारवलंय ते कळायचं. आजीच्या मोठ्या, धाकट्या आत्याच्या लहान आणि घाईच्या. पावसाळ्यात मोठी पंचाईत. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. जून ते सप्टेंबर ऊन नाही, भुई वाळत नाही, कोपऱ्यात पांढरी बुरशी धरते. मग चुलीच्या खोलीपुरतं सारवायचं, बाकी घर दिवाळीची वाट बघत बसायचं. अंगण तर पाऊस धुऊनच न्यायचा. भात कापणीला आलं की खळं नव्यानं करायचं.

सारवलेल्या घराची आठवण निघाली की आपण सगळे हळवे होतो. तो वास, तो पायांना लागणारा गारवा. खरंच आहे. पण दोन गोष्टी सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट, हे सगळं बायकांनी उकिडवं बसून केलं. पुरुषांनी माती आणली, मुरूम आणला, पण सारवणं कधी पुरुषाचं काम नव्हतं. आजी पन्नाशीतच काठी घेऊन चालायला लागली. तिच्या बरोबरीच्या बहुतेक बायकांचं तेच. गुडघ्याच्या वाटीवरची पिशवी सुजते त्या दुखण्याला इंग्रजीत "मोलकरणीचा गुडघा" अशा अर्थाचं नाव आहे. गुडघ्यावर टेकून फरशी घासणाऱ्या बायकांवरून ते पडलं. आमच्याकडे त्याला नाव नव्हतं. "वय झालं" एवढंच म्हणायचे.

दुसरी गोष्ट बाळंतिणीच्या खोलीची. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात बीजरूपानं वर्षानुवर्षं टिकतात. पूर्वी नाळ विळ्यानं किंवा मिळेल त्या पात्यानं कापली जायची, बाळंतपण त्याच भुईवर. आजीचं एक मूल आठव्या दिवशी अंग ताठून गेलं. घरात त्याला बाहेरची बाधा म्हणत. आता त्या लक्षणांवरून मला तो धनुर्वातच वाटतो. गरोदर बाईला लस आणि दवाखान्यातली बाळंतपणं यांनी हे थांबलं. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बालकांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं. भुईवर प्रेम असावं, पण हे विसरू नये.

धरण आणि लाल कोबा

गणेशगुडीजवळ सुपा धरणाचं काम १९७४ मध्ये सुरू झालं आणि १९८७ मध्ये पूर्ण झालं. उंची १०१ मीटर. पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच. सुपा गाव पाण्याखाली गेलं, आजूबाजूची गावंही गेली. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, आणि बऱ्याच घरांचं बिऱ्हाड रामनगरला. आमचंही.

त्या विस्थापनावर इथे माझ्यापेक्षा जाणत्या माणसांनी लिहिलंय. मी फक्त जमिनीचं सांगतो. घर सोडायच्या आदल्या दिवशी आजीनं ते सगळं सारवलं. आई तेव्हा नवी सून. ती म्हणाली, "आता कशाला? पाणीच येणार आहे ना?" आजी म्हणाली, "न सारवता दार ओढू नये." बस्स, एवढंच. ती भुई आता धरणाच्या तळाशी आहे.

रामनगरच्या घरात सिमेंटचा कोबा आला. सिमेंटमध्ये लाल रंगाची पूड घालून घोटलेला, आपल्याकडे घरोघर दिसायचा तो. गवंड्यानं सांगितलं, "आठ दिवस पाणी ठेवा, मग खोबरेल तेलाचा हात फिरवा." आजी खूश झाली नाही. तिला तो पायाला कडक लागायचा, आणि थंडीत गार. शिवाय गुरं नव्या जागी कमी झाली, शेणही कमी. पण आईला पहिल्यांदा आठवड्यातला एक अख्खा दिवस मोकळा मिळाला. आई आजही म्हणते, "धरणानं सगळं नेलं, एक सारवण नेलं ते बरं केलं." हे वाक्य ऐकून काहींना राग येईल. पण ते तिचं आहे, तिनं पंधरा वर्षं माहेरी आणि सासरी सारवल्यावरचं.

सिमेंटची जमीन आरोग्याला किती फरक करते यावर मेक्सिकोत काम झालंय. तिथल्या कोआविला राज्यात २००० साली सरकारनं गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनींवर सिमेंट घालून द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञांनी नंतर तपासलं. ज्या घरांतली मातीची जमीन पूर्ण झाकली गेली तिथल्या लहान मुलांत जंताचं प्रमाण तब्बल ७८ टक्क्यांनी उतरलं होतं आणि जुलाब जवळपास निम्म्यावर आले होते. रांगतं मूल हात तोंडात घालतं, तेवढंच कारण.

फडकं, बादली आणि फिनेल

पण कोबा आला म्हणून बसणं सुटलं नाही. सारवण गेलं, पुसणं आलं. बाबांच्या जुन्या धोतराचं फडकं, एक बादली पाणी, त्यात झाकणभर फिनेल. आई उकिडवी बसून मागे सरकत पुसायची, अगदी आजीसारखीच, भिंतीकडून दाराकडे. साधन बदललं, अंग तेच.

फिनेलचा वासही आपल्या आठवणींतला. दवाखाना, एस. टी. स्टँड, शाळेची मुतारी, सगळीकडे तोच. त्यामागे मोठी गोष्ट आहे. जखमा चिघळतात त्या जंतूंमुळे, असं धरून जोसेफ लिस्टर या शल्यवैद्यानं १८६७ मध्ये कार्बोलिक आम्ल वापरून शस्त्रक्रिया केल्याचे अनुभव छापले. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या त्याच घराण्यातल्या रसायनांपासून पुढे ही घरगुती फिनेलं झाली. रामनगरच्या कोब्यापर्यंत ती पोचायला शंभरेक वर्षं लागली म्हणा ना.

बायकांना गुडघ्यावरून उठवायचा विचार कोणी केला की नाही? केला. स्पेनमध्ये मान्वेल हालोन नावाचा विमानाचा अभियंता होता. त्यानं १९५६ च्या सुमारास दांड्याचा पोछा आणि तो पिळायची सोय असलेली बादली विकायला काढली. उभं राहून पुसा आणि हात न भिजवता पिळा. तिकडे घरोघर ते गेलं. आमच्या घरी तसलं दांड्याचं झुपकं १९९५ नंतर आलं. आईनं दोन दिवस वापरलं आणि कोपऱ्यात उभं केलं. "नुसतं पाणी फिरवतं, कोपरे तसेच. हाताखाली मळ लागला पाहिजे." आम्ही हसलो. पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ओल्या सुती झुपक्यानं चिखल निघत नाही, पसरतो. आणि आपल्याकडचा जांभ्याचा तांबडा चिखल कसा असतो ते सांगायला नको.

पांढरी टाइल

२०१२ साली मोठ्या भावानं घर वाढवलं. लाल कोब्यावर पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्स आल्या. मागच्या दोन खोल्यांत मात्र कोबा अजून आहे, आणि तुळशीपुढचं अंगण मातीचंच. म्हणजे आमच्या एकाच घरात आज जमिनीचा सगळा इतिहास हजर आहे. मागच्या दारातून आत या आणि पुढच्या दारानं बाहेर जा, साठ वर्षं चालून होतात.

टाइलवर डाग दिसतो. कोब्यावर चहा सांडला तर लालात लाल जायचा. पांढऱ्या टाइलवर मांजराचं पाऊल उमटलं तरी दिसतं. त्यामुळे पुसणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. त्यातून आमच्या चुलतभावानं गणेशगुडीकडे होमस्टे काढला. काळी नदीत राफ्टिंगला येणारे पाहुणे ओल्या पायांनी आत येणार, आणि दुसऱ्या दिवशी खोली चकचकीत हवी. तिथे पुसायला येणाऱ्या दोघी बाया आमच्याच गावच्या जुन्या घरांतल्या. आजीच्या भुईची नातवंडं म्हणायची ती.

आई आता ७४ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे गेलेत. डॉक्टरांनी खाली बसायला बंदी घातली आहे. आणि तरी पहाटे फडकं घेऊन ती खाली बसते, कारण सून पुसते ते तिला पटत नाही. एकदा बसली की उठवायला दोघं लागतात. म्हणून भावाचा फोन. मॉपचा प्रश्न दिसायला बारीक, पण तो आईच्या गुडघ्यांचा होता.

वाफ की पॅड?

आता दोन्ही यंत्रांची थोडी कुळकथा, कारण ती मजेशीर आहे.

वाफेचा घरगुती पोछा गाजवला तो कोरियातल्या रोमी हान या बाईंनी. सरकारी नोकरी करत, घर सांभाळत असताना रोज गुडघ्यावर बसून जमीन पुसायचा त्यांना कंटाळा आला. कोरियात घरांची जमीन खालून तापवलेली, लोक जमिनीवरच बसणारे-झोपणारे, म्हणजे आपल्यासारखेच. १९९९ साली त्यांनी कंपनी काढली आणि २००१ च्या सुमारास वाफेचं यंत्र बाजारात आणलं. म्हणजे हा शोध आमच्या आजी-आईच्याच दुखण्यातून निघाला, फक्त देश वेगळा.

वापरून फेकायच्या पॅडचा धंदा अमेरिकेतला. १९९९ साली प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनं स्विफर नावाचा हलका दांडा आणला, त्याला कापड लावायचं आणि मळलं की टाकून द्यायचं. मग फवारा असलेला प्रकार आला. दांडा एकदाच विकायचा, पॅड आणि औषधाची बाटली जन्मभर. दाढीच्या पात्याचा जुना हिशोब.

आमच्या घरात दोन पक्ष पडले. वहिनीला वाफ हवी. घरात आठ महिन्यांचं बाळ, रांगायला लागलंय. "औषध नको, नुसतं पाणी. बाळानं हात तोंडात घातला तरी भीती नाही." तिचं बरोबर. वाफेनं चिकट तेलकटही सुटतं, आणि जमीन लगेच वाळते. पावसाळ्यात हे मोठं सुख. भाचा म्हणाला, "स्प्रेवाला घ्या, वायर नाही, वजन नाही, आजीला झेपेल." त्याचंही बरोबर.

मग मी वही काढून बसलो.

वाफेचा मॉप साधारण १२०० ते १५०० वॉटचा असतो. २३० व्होल्टवर १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपियर. आपल्या खोल्यांतले साधे छोटे प्लग ६ अँपियरचे. म्हणजे गिझरसाठी बसवतात तसला १६ अँपियरचा पॉइंट लागणार. तो आमच्याकडे न्हाणीघरात एक आणि स्वयंपाकघरात एक. लांब वायर ओढली तर ती जाड हवी, आणि ती ओल्या टाइलवरून ७४ वर्षांच्या बाईच्या पायात.

दुसरं, व्होल्टेज. तापणाऱ्या तारेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबानं उतरते. संध्याकाळी २३० चे १८० झाले तर १५०० वॉटचं यंत्र सव्वानऊशेवर येतं. वाफ हवी तशी सुटणार नाही, पॅड नुसतं ओलं होईल. आणि पावसाळ्यात झाड तारेवर पडलं की वीज कधी येईल ते त्या झाडालाच माहीत. धरणाच्या पायथ्याशी १०० मेगावॉटची वीज तयार होते, आणि त्याच तालुक्यात आपण मॉप चालेल का याचा हिशोब करतोय. असो. बिलाचं मात्र भय नाही. अर्धा लिटर पाण्याची पूर्ण वाफ करायला १५०० वॉटला साधारण १४-१५ मिनिटं लागतात, म्हणजे युनिटच्या तिसऱ्या भागाहून थोडंच जास्त.

तिसरं, जमीन. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, तिला वाफेचं काही नाही. पण मागच्या खोल्यांतला कोबा तेल-मेणावर चमकतो. वाफ ती चमक उतरवणार. मेण लावलेल्या आणि उघड्या सच्छिद्र जमिनीवर वाफ वापरू नका असं या यंत्रांबरोबरच्या पुस्तिकेतच असतं. अंगणाचं तर विचारूच नका, शेणमातीवर वाफ म्हणजे चिखल.

चौथं, जंतू. वाफेनं जंतू मरतात, पण नुसता हात फिरवून नाही. एका जागी काही सेकंद धरावं लागतं. आपण झाडू मारावा तसा सरासर मॉप मारतो, तेवढ्यात जमीन पुरेशी तापतही नाही. शिवाय आधी केर आणि चिखल काढावा लागतोच. वाफ चिखल उचलत नाही, फक्त मऊ करते.

आता स्प्रेवाला. दांडा हलका, एक-सव्वा किलोचा. बाटलीत पाणी, दांड्यावर खटका, उभ्यानं काम. आईनं शेजाऱ्यांकडचा हातात घेऊन बघितला. खटका दाबला, पुढे पाणी उडालं, आणि ती पहिल्यांदा हसली. पण पॅड? पावसाळ्यात तांबडी माती एका खोलीत एक पॅड खराब करते. चार खोल्या, रोज चार पॅड, जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत ४८८ पॅड. आमच्या एका घराचे. चुलतभावाच्या होमस्टेचे किती ते तुम्हीच मांडा.

आणि हे जायचे कुठे? ते दिसायला कापडासारखे, पण बरेचसे पॉलिस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच. काहींच्या आत लहान बाळांच्या डायपरसारखा पाणी धरून ठेवणारा थरही असतो. शहरात सकाळी गाडी येते आणि ते नजरेआड होतात. आपल्या वाड्यावस्त्यांत केराची जागा म्हणजे परसातला उकिरडा किंवा चूल. २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी उघड्यावर टाकणं, पुरणं, जाळणं तिन्हींना मनाई केली. तीनही बंद, आणि गाडी सगळीकडे पोचत नाही. आजूबाजूला काळी व्याघ्र राखीव जंगल. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये ते जाहीर झालं, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. त्या नदीच्या ओढ्यात पावसाबरोबर आमचे पॅड जायचे, हे काही मनाला पटेना.

आजीच्या घरी जमीन पुसण्यातून कचरा असा निघतच नव्हता. शेण गोठ्यातून यायचं, झिजून अंगणात जायचं, तिथून शेतात. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. पण आपण पिढीला एक साधन बदललं, आणि दर वेळी एका हाताचं ओझं दुसरीकडे कुठेतरी ठेवलं. हे मला पॅड मोजताना दिसलं.

काय ठरलं

स्प्रेवाला दांडा घेतला, पण फेकायचे पॅड घेतले नाहीत. चिकटपट्टी असलेला, धुता येणारा मायक्रोफायबरचा पॅड लावायचा प्रकार मिळतो, तो मागवला. मायक्रोफायबर म्हणजे केसाहून कितीतरी बारीक धागा. जपानच्या तोरे कंपनीतल्या मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये तो कापडासाठी घडवला. कोरडा फिरवला तरी धूळ धरतो, म्हणून औषध कमी लागतं. तोही प्लास्टिकचाच, धुताना त्याचे तंतू सुटतात, हे खरं. म्हणून वहिनीनं त्याच मापाचे सहा पॅड जुन्या सुती साड्यांचे शिवले, मागे चिकटपट्टी लावून. रोजचं सुतीनं, तेलकट असेल तिथे मायक्रोफायबर. बाटलीत साधं पाणी, स्वयंपाकघरापुरता साबणाचा थेंब. बाळ रांगतं त्या खोलीत फिनेल नाही.

वाफेचं यंत्र चुलतभावानं होमस्टेसाठी घेतलं. त्याच्याकडे जाड वायरिंग आहे, सगळीकडे टाइल आहे, आणि पाहुणे गेल्यावर एकदाच खोली नीट करायची असते. तिथे ते शोभतं. पुसणाऱ्या बायांना पहिल्या दिवशी त्यानं स्वतः चालवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "बघा, दादा पोछा मारतायत!" सगळी वाडी जमली. हसू नका, आमच्या घराण्यात जमिनीला हात लावणारा तो पहिला पुरुष. दुसरा मी. कारण ठरलं ते नुसतं मॉपचं नाही. सकाळच्या चार खोल्या मी आणि भाऊ आळीपाळीनं पुसतो, असंही ठरलं. वहिनीनं ते आधी मांडलं, मॉपचं नंतर. तिचं म्हणणं सरळ होतं, "उभ्यानं पुसायचं यंत्र आलं, आता तुम्हाला खाली बसवत नाही ही सबब उरली नाही."

आई खुर्चीवर बसून कोपरे दाखवते. "तिथं राहिलं. दाराकडं मागे ये, पुढे नको जाऊ, पाय उमटतात." भिंतीकडून दाराकडे, उलटं. आजीची पद्धत तशीच चालू आहे. अंगण मात्र तिनं सोडलं नाही. चवथीला तुळशीपुढचा हातभर तुकडा ती अजून सारवते. आम्ही तिला लाकडी पाट आणि बाजूला धरायला एक खांब करून दिलाय. शेण शेजारच्या गोठ्यातून येतं, पाच-सहा घरांत आता तेवढा एकच गोठा उरलाय.

मंडळी, आता तुमचं सांगा. तुमच्याकडे चोपण्याला काय म्हणायचे? जगलबेट, कॅसलरॉक, अणशीकडच्या लोकांचे शब्द वेगळे असतील. भुई काळी करायला काय घालायचे? जुन्या सुप्यातल्या घरांच्या जमिनी कोणाला आठवतात का, विशेषतः बाजारातल्या? घरात वयस्क आई-आजी असेल तर तिला विचारून लिहा. आणि सकाळी तुमच्याकडे जमीन कोण पुसतं, तेही लिहा. प्रामाणिकपणे.